चोरातला च

टॉवेलचे दोन माग आले झेकोस्लोव्हाकियाहून
साखर पेठेत, इरण्णाशेटच्या कारखान्यात,
आणि त्यांच्यामागून एक फिटर, यारोमीर नावाचा.
पान्यांची पेटी, उन्हानं सोललेलं नाक
आणि एकच शब्द: चो?

चोरातला च. चादरीतला नव्हे.

अप्पा तिथं जॉबर. आमच्या घरात एमि,
भिंतीपलीकडे शिवलीलाकाकूंचं एनु,
मागच्या गल्लीत क्या, चौकात काय बे,
सगळे प्रश्न एकाच नळावर पाणी भरायचे.
त्यात हा एक घागर घेऊन आला.

तुटल्या ताण्यापाशी वाकून यारोमीर विचारायचा, चो?
अप्पा बोट दाखवायचे: ते.
तो! म्हणायचा यारोमीर, आणि हसायचा,
कारण त्याच्या गावी ‘ते’ला ‘तो’च म्हणतात.
तीन महिने एवढ्यावर माग चालले.

पुढे पुण्यात मी कोशांत डोकं घालून बसले, तेव्हा कळलं:
फार जुन्या स्लाव्ह लोकांचा प्रश्न
एवढासाच होता, चि. त्यातली इ तर जेमतेम.
आपल्या ‘काय’मधलाच क, इ लागून मऊ पडलेला.
बोलता बोलता गळून जाईल असा.
म्हणून त्याला ‘तो’ची गाठ मारली.
चि-तो. काय-ते.
विचारायचं आणि बोट दाखवायचं, एका दमात.
रशियनांनी गाठ ठेवली, श्तो म्हणतात अजून.
यारोमीरच्या पूर्वजांनी दुसराच धागा ओढला,
चिसो, म्हणजे कशाचं,
तो झिजत झिजत चो झाला.

म्हणजे तीन महिने तो विचारत होता
कशाचं, कशाचं,
आणि त्याच्या भाषेत सुटलेली गाठ
अप्पा मारून देत होते.
एमि-एनुचं घराणं निराळं,
या क-शी त्यांची सोयरीक नाही.
पण अप्पांइतकी बारीक गाठ
अख्ख्या खात्यात कुणाची बसत नसे.

हे सगळं मी दिवाळीत त्यांना सांगितलं,
हातवारे करून, चकली हातातच ठेवून.
माग केव्हाच भंगारात गेलेले.
तेहेतीस वर्षांचा खडखडाट मात्र कानांत तसाच.
अप्पांनी मान तिरकी केली,
तळहात कानामागे धरला:

आँ?

हा कुठून आला
ते अजून शोधलेलं नाही मी.