झिरो पाहा

आर्वीच्या फाट्यावर, जिथं आधी
पंक्चरवाला मुनीर आणि एक बाभूळ एवढंच होतं,
धांड्यांच्या विक्कीनं पंप टाकला.
पंपामागं स्वैपाकघर, स्वैपाकघराला काचेची भिंत,
भिंतीवर दिव्यांची अक्षरं: टाकी फुल्ल, पोट फुल्ल.

मी वायरमन. कनेक्शन मीच दिलं होतं, तीन फेज.
म्हणून मला ठाऊक,
छताला टांगलेल्या सोळा कंदिलांत
रॉकेलचा थेंब नाही,
आणि आमच्या टाकळीत लाइन गेली
तरी ते सोळाही जळत असतात.

पहिल्यांदा बायको म्हणाली, "पंपावर कोनी जेवते काय?"
आता रविवारी तीच आधी साडीला इस्त्री करते.
पुलगावहून पोरं येतात.
आधी ताटाचा फोटो, मग स्वतःचा, मग जेवण.
पाटोडीच्या रश्श्यावर तर्री नीट पसरेपर्यंत
कोणी घासाला हात लावत नाही.

"साहेब, झिरो पाहा," नळी हातात घेऊन अंकुश म्हणतो.
मी पाहतो. शंभराचं टाकतो.
आकडे पळतात, थांबतात. गाडीचं जेवण झालं.
आमचं व्हायला पाऊण तास.

आज गोळाभात होता.
वरून कढत तेल पडलं, बेसनाचा गोळा चुरचुरला,
आणि नेमकं कोणीतरी दार उघडलं:
मोहरी, हिंग, मधूनच डिझेल.
बायकोनं नाक मुरडलं.
मला चालतो. माझ्या डब्याला रोज ग्रीसचा वास असतो.

काचेपलीकडे पंचफुलाबाई लांब रोट्या टाकत होती.
खाली लाकडं, वर उलटं मडकं.
(अंतर मोजून, नियमानं.
पाटीवरची फुली मारलेली विडी
तिच्याच चुलीकडं तोंड करून आहे.)
पीठ असं सैल की धरू जावं तर सांडावं.
ती ते पंजावरून कोपरापर्यंत झुलवते,
झुलवत झुलवत मडक्यावर सोडते,
झोपल्या पोरावर दुपटं टाकावं तसं.
मोबाइल काचेला चिकटलेले.
फोटोत घामही चकाकी होऊन येतो.

मला दिसला तिच्या डोक्यावरचा पंखा.
पाती थांबलेली. पात्यांवर जाळं.
इकडं दोन एसी, तिकडं मे महिना.

अर्धं ताट ठेवून मी आत गेलो.
"कधीपासून बंद हाय?"
"होयीपासून."
"विक्कीले नाही सांगतलं?"
"सांगतलं ना. थो म्हने, पंखा फिरला का रोटी उडते,
व्हिडिओ बिघडते."

खिशात टेस्टर असतोच, जेवतानाही.
कंडेन्सर गेला होता. डिक्कीत एक नवा होता,
सरकारी नाही, घरच्या कूलरसाठी कालच घेतलेला.
लावला. रेग्युलेटर दोनवर ठेवला.
रोटी हलली नाही. तिचा पदर तेवढा हलला.
ती काहीच बोलली नाही,
पुढची रोटी मात्र जरा मोठी झाली.

बिल झालं दोनशे ऐंशी. काउंटरवरची डबी
सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली.
निघताना मागच्या दारातून पंचफुलाबाई आली,
पेपरात गुंडाळलेलं काहीतरी गरम
बायकोच्या हातात कोंबलं,
आणि अंकुशचा आवाज काढून म्हणाली,
"झिरो पाहा, भाऊ."

रात्री कूलर मुका. आम्ही गच्चीवर.
रोटी चिवट झाली होती, तरी तोडून तोडून संपवली,
कोरडीच, मिठाशी.
मला वाटलं, कूलरचं आता निघणार.
बायको बोटं चाटत म्हणाली,
"येत्या रविवारी कंडेन्सर दोन घ्याजा.
तिच्या मांगं ते भांडे घासनारी होती ना, कोपऱ्यात,
तिच्या डोक्यावरचाबी बंद होता.
तुम्ही नाही पाह्यला."