अंगावर काढलेलं

कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळ,
नानुली तोनेत वाकते कमरेपर्यंत,
तापल्या मातीच्या भिंतीला
होडीसारखी भाकर थापून वर येते.

मी त्वचेची डॉक्टर.
तीन महिने रोज सकाळी
तिच्या हातून भाकर घेतली.
सुटे पैसे देताना दिसायचे बोटांचे सांधे,
प्रत्येकावर लाल, खवलेदार ठिपका.
पापण्यांवर जांभळट छटा,
पिकू लागलेल्या आलुबुखारासारखी.
मी मनात म्हटलं, धग.
तीस वर्षं भट्टीपाशी, दुसरं काय असणार.
भाकर गरम होती. मला उशीर होत होता.

मग एका गुरुवारी ती वाकली
आणि वर आलीच नाही.
"आले, आले," आतून म्हणाली,
मातीच्या घशातून यावा तसा आवाज.
खातुनानं आणि मी बगलेत हात घालून तिला काढलं.
"केस विंचरायलाही सून लागते हल्ली," ती हसली,
"हात डोक्यापर्यंत जातच नाही. वय झालं."
वय एकावन्न.

तेव्हा कुठे मी तिचा हात उजेडात धरला.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात.
मला तीन महिने लागले.

"पोटाची तपासणी? अहो, दुखतायत हात."
कसं सांगायचं, की शरीराचे राखणदार
कधी कधी आत लपलेल्या कुणाच्या मागावर निघतात
आणि अंधारात, चेहरा सारखा वाटला म्हणून,
घरच्यांनाच झोडपतात.
कधी कधी. पुष्कळदा आत कुणी नसतंही.

तिच्या आत होतं.
डाव्या अंडाशयात, लिंबाएवढं,
एक शब्द न बोलता.

दुखणं अंगावर काढलं, म्हणतो आपण,
दवाखाना टाळून सोसणाऱ्याला.
पण तिच्या अंगानंच ते अंगावर काढलं होतं,
पापण्यांवर, सांध्यांवर,
वाचता येईल अशा जागी.
आणि जिला वाचता येत होतं
ती रोज नाणं पुढे करून
भाकर घेऊन जात होती.

आता खातुना थापते. होड्या अजून वाकड्या येतात.
नानुली खुर्चीत, डोक्याला रुमाल,
गल्ल्यावर.
मी काही विचारायच्या आत
ती पंजा उलटा करून दाखवते.
रंग उतरतोय.
किती, ते अजून सांगता येत नाही.