अंगचटी

बांगड्या वर सरका, मावशी.
मंगळसूत्र बाजूला. हात सैल.
हलू नका, बोलू नका, बास.
दिवसातून चाळीस वेळा म्हणते मी हे
हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात, नऊ नंबरच्या खोलीत,
जिथं पंखा आहे पण लावत नाही,
कागद उडतो म्हणून.

सहा वाट्या छातीवर, चार चिमटे हातापायांना,
आणि गुलाबी चौकटींवरून रेघ निघते,
बांधावरून बाई चालावी तशी,
तोल सांभाळत.

दैवशाला या महिन्यात चौथ्यांदा आलीय.
हळदीच्या पॉलिशवर कामाला.
बोटं पिवळी, नखं पिवळी,
कागदाच्या कोपऱ्यावर दर वेळी तिचा पिवळा अंगठा.
"धडधड करायलंय बाई. आता जातोय जीव.
हातापायाला मुंग्या, घशात आवंढा,
आन् कारण इचाराल तर कायच नाई.
दळण घेऊन निघाले व्हते निस्ती."

रिपोर्ट नॉर्मल.
तिचा चेहरा पडतो.
हे मी कुणाला सांगितलं नाही आजवर:
नॉर्मल ऐकून चेहरा पडणारी माणसं
रोज येतात माझ्याकडं.
काहीतरी निघायला हवं असतं त्यांना,
एखादी वाकडी रेघ, घरी नेऊन दाखवायला.
सासू विचारते, काय निघालं?
काही नाही.
मग बसभाडं कशाला घातलंस?

धस्स होतं. जीव टांगणीला लागतो.
पोटात गोळा येतो, मनात पाल चुकचुकते,
काळजाचं पाणी होतं.
इतकं सगळं आहे आपल्या बोलण्यात,
आणि मशीनला त्यातलं एक वाचता येत नाही.
हृदयाचं मशीन आहे ते.
काळजाचं अजून निघालं नाही.

मागल्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत
मी आतून कडी घातली
आणि स्वतःलाच जोडलं.
अवघड असतं, दोन्ही हातांना चिमटे लावून
बटण दाबणं, तेही न हलता.
आदल्या रात्री अकरा वेळा उठले होते
गॅस बंद आहे का बघायला.
त्याच्या आदल्या रात्री औंढ्याच्या पुढं नवऱ्याचा फोन लागेना,
तेवढ्यात मी त्याचं तेरावंसुद्धा उरकलं मनात,
पंगतीला कोण कोण येईल ते मोजलं.
तो आला. पिशवीत पेरू.

रेघ आली. बहात्तर ठोके, नॉर्मल.
कागद चौघडी घालून पर्समध्ये ठेवला.
डबा तसाच घरी नेला.

नव्या डॉक्टरीणबाईंनी आज
दैवशालाच्या केसपेपरवर एक शब्द लिहिला,
वाचूनही दाखवला: अँक्झायटी.
"अंगचटी?" दैवशालानं विचारलं.
मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.
ती नाही हसली.
"हाव, तसंच हाय बगा.
अंगचटीलाच येतंय ते. भर बाजारात, चारचौघात.
कोन हाय दिसत नाई,
पर ढकललं तर मागं सरत नाई."
बाईंनी पेन खाली ठेवलं.
"बरोबर आहे," म्हणाल्या.
"आणि त्याला औषध आहे. बोलून बोलूनही कमी होतं.
चौदा नंबरात जा."

चौदा नंबर मागच्या अंगाला,
टीबीच्या खोलीपलीकडं. बाकडं कायम मोकळं.
"येड्यायचं हाय ते," ती कुजबुजली.
मी म्हटलं, चला, मी येते.
सोबत म्हणून.

शिपायानं वही उघडली.
"पेशंट कोण?"
"ह्या," मी म्हणाले.
"ह्या बाई," ती म्हणाली, त्याच वेळी.
तो एकदा तिच्याकडं बघतो, एकदा माझ्या ॲप्रनकडं.
बाकड्यावर हळदीचा वास.
मी बांगड्या वर सरकवल्या, काही कारण नसताना.

"लिहा," म्हणाले.
आधी तिचं नाव सांगितलं,
आणि मग, बराच वेळ थांबून,
माझं.