पत

फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यात विचारलंय
सध्या कुठे काम करता.
मी लिहिलं, कुठेच नाही.
पडदा लाल झाला.
'कुठेच नाही' नावाची कंपनी त्यांच्या यादीत नाही म्हणे.

मग जुन्या कोठाराचं नाव टाकलं, आणि खोडलं.
अडतीस वर्षं तिथल्या काट्यावर बसले मी.
दुलूथच्या धक्क्याला गव्हाचं जहाज लागलं
की माझ्या सहीशिवाय दोर सुटत नसे.
ग्रीक कप्तान, नॉर्वेचे कप्तान,
आणि तो सारखा शिंकणारा पोलिश,
टोपी हातात घेऊन उभे राहायचे माझ्या खिडकीपाशी.
एल्मा बारा हजार टन म्हणते ना?
मग बारा हजार.

आता बँकेतला मुलगा, नाव कोल्टन,
अगदी मऊ आवाजात म्हणतो,
सिस्टीमला तुम्ही दिसतच नाही, मिसेस सारवेला.

मी स्वेटरचं वरचं बटण लावलं. उगाच.

कार्ड राइमोच्या नावावर होतं,
माझं नुसतं जोडकार्ड.
बिलं मात्र मीच भरली, दर महिन्याच्या चार तारखेला,
याच टेबलावर, तिकीट जिभेवर ओलं करून.
मार्चमध्ये राइमो गेला. मी इमानदारीत कळवलं.
त्यांनी सांत्वनाचं पत्र धाडलं
आणि त्याच लिफाफ्यात, कार्ड बंद केल्याचं.
माझ्या हातचा सगळा भरणा त्याच्या खाती जमा.
तो तिकडे टेकडीवर, दोन फूट बर्फाखाली,
उत्तम पत असलेला माणूस.

घराचं कर्ज?
फिटलं, अठ्ठ्याण्णव साली.
गाडीचं?
रोखीनं घेतली.
आणखी कुणाचं काही देणं?
नाही रे बाबा.
पलीकडे कोल्टन गप्प झाला,
डॉक्टर रिपोर्ट बघताना होतात तसा.

आई म्हणायची, उसन्या पिठाचा पाव फुगत नाही.
जन्मभर ते मानलं, आणि नेमकी तीच खोट निघाली.

पेन्शन आहे, सोशल सिक्युरिटी आहे, थोडी ठेवही आहे.
ते उत्पन्नात धरायचं की नाही, बघून सांगतो म्हणाला,
आणि वीस मिनिटं बासरी ऐकवली.

मला कार्ड हवंय ते फक्त टूसॉनच्या हॉटेलसाठी.
किर्स्टीचं लग्न आहे, नातीचं.
रोख चालत नाही तिथे.
खोलीत मी काही फोडलं तर, म्हणून.
एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघा नवा,
काय फोडणार?

शेवटी तोडगा निघाला:
तीनशे डॉलर त्यांच्याकडे ठेवायचे,
तीनशेपर्यंत खर्च करायचा.
म्हणजे माझेच पैसे मला उसने?
तसं नाही म्हणत, मिसेस सारवेला.
मग कसं म्हणतात?
पत बांधणं.

हॉटेलला चारशे हवेत, हे नंतर कळलं.

कार्ड आलं, निळं, त्यावर कुठलासा समुद्र.
पहिली खरेदी राईचं पीठ, सहा डॉलर चाळीस.
घरी आले, कोट न काढता फोन लावला: पैसे घ्या.
कोल्टन म्हणाला, एवढी घाई नको.
आधी बिल निघू द्या.
थोडी बाकी दिसू दे, मग तुम्ही दिसाल.

तर ही मी,
सहा डॉलर चाळीसची कर्जदार,
रात्री दोनदा उठून दिवा लावलेली.

सकाळी भोंगा झाला, पूल वर गेला,
एक लांबडं जहाज संथ बाहेर निघालं.
पाण्यात किती खाली बसलंय ते पाहिलं
आणि सवयीनं मोठ्यानं आकडा सांगितला.
स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.
साडेअकरा हजार.
चूक असलीच तर पन्नास टनांची.