सावलीची रेघ

पहिल्या नकाशात मी हिरवळच हिरवळ काढली होती.
सोलापूरचा मे.
हिरवळीनं जून बघितला नाही.
बायका विड्यांची सुपं घेऊन
नाल्याकडच्या कडुनिंबाखाली जाऊन बसल्या,
माझ्या ग्रॅनाइटच्या बाकांकडे पाठ करून.

यल्लूबाई म्हणाली, बाक भाजतोय. तूच बस बघू.

बसले.
दुसऱ्या दिवशी खडू घेऊन गेले,
तासातासाला सावलीच्या कडेनं रेघ ओढत;
पोरं मागून पुसत आली.

पुढं बरीच शहरं, बऱ्याच बागा.
दिल्लीत शाल मिळाली,
आमच्या चादरीपुढं पातळच.
परीक्षकांनी विचारलं, प्रेरणा?
मी म्हटलं, चटका.

त्यातला एक बाक अजून तिथंच आहे.
दुपारी त्यावर कुणीतरी
शेंगा वाळत घालतं.