कापूस, पायाखालचा

मिरजेहून सांगली अर्ध्या तासावर,
पण ऑर्डर हातात पडली तेव्हा वाटलं, बदलीच झाली.
'तीन दिवस प्रशिक्षण. उपस्थिती सक्तीची. डबा सोबत आणावा.'
निवृत्तीला अकरा महिने उरलेले.
आता मला काय शिकवणार, म्हटलं,
आणि चष्म्याचा नंबर तपासून घेतला.

शिकवायला तस्नीम मुजावर.
हिला मी ओळखते.
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला
शरीररचनेचा ठोकळा अठरा दिवस उशिरा आणला होता हिनं,
आत खूण म्हणून बडीशेपेची रिकामी पुडी.
दंड अर्धा माफ केला होता मी.
'मॅडम, पुढं बसा,' म्हणाली.
मी पंख्याखाली बसले.

पहिला अख्खा दिवस तीन शब्दांत गेला:
आणि. किंवा. नाही.
'आणि' म्हटलं की यादी आटते.
'किंवा' म्हटलं की फुगते,
धरणातून पाणी सोडल्यावर
आयर्विन पुलाखाली कृष्णा फुगते तशी.
आणि 'नाही' जपून वापरा, तस्नीम म्हणाली,
नको ते काढायला जाल,
हवं ते त्याच्या पदराला धरून निघून जाईल.
मागं कुंभोजकर हसले,
त्यांना वाटलं, ही संसाराचं सांगतेय.
मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा.

दुसऱ्या दिवसाचं फारसं आठवत नाही.
वीज गेली होती.

तिसऱ्या दिवशी मी माझा प्रश्न काढला.

आदल्या आठवड्यात, मी कुलूप लावत असताना
डॉक्टर ऐनापुरे धावत आला होता, रात्रपाळीचा.
तासगावकडची बाई,
द्राक्षाचे घड औषधात बुडवायला जाणारी.
म्हणते, चालताना पायाखाली कापूस असल्यागत लागतंय.
त्यानं बिचाऱ्यानं 'कापूस' घालून शोधलं
आणि निघाली गिरणी कामगारांची फुप्फुसं,
दोनशे बारा लेख, तंतूंनी भरलेले.
आम्ही दोघं हसलो. मग गप्प झालो.
बाई वॉर्डात होती
आणि माझ्याकडे फक्त कपाटांच्या किल्ल्या.

तस्नीम माझ्या शेजारी येऊन बसली.
आमच्या गल्लीत सतारीची जवारी लावतात.
घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं,
पुन्हा कानस, केसाएवढी.
तसंच चाललं होतं आमचं:
'कापूस' काढला, 'तळपाय' ठेवला,
'चाल' आणि 'संवेदना',
'फवारणी' किंवा 'जीवनसत्त्व',
पुन्हा एक शब्द घासला, पुन्हा ऐकलं.
डबे उघडले गेले, वांग्याचा वास सुटला, आम्ही उठलो नाही.
एकोणीस लेख उरले.
त्यातल्या एकात, कुठल्याशा थंड देशातल्या
मेंढपाळणीनं डॉक्टरला हेच सांगितलेलं.
फक्त तिचा शब्द लोकर होता.

ऐनापुरेला फोन केला. 'पाठवा पाठवा,' म्हणाला,
मागं कुणीतरी त्याला हाका मारत होतं.
पुढचं मला माहीत नाही.
आमच्याकडे पुस्तक परत येतं, पेशंट येत नाही,
आला तर ग्रंथालयाच्या पायऱ्या चढत नाही.

प्रमाणपत्रावर मगदूमचं मकदूम झालंय.
दुरुस्त करून मागितलं नाही.
अभिप्रायाच्या कागदावर विचारलं होतं, काय शिकलात?
जागा दोन ओळींची.
मी लिहिलं, पंखा चांगला होता.

सोमवारी लवकर गेले.
कार्डांच्या जुन्या कपाटात आता शिक्के असतात,
उदबत्ती, रबरं, कुणाची तरी विसरलेली छत्री.
'क'च्या खणात तळाशी कोरी कार्डं सापडली,
खाली भोक पाडलेली, कडांना पिवळी.
एक घेतलं. शाईचं पेन झटकलं.

कापूस, पायाखालचा.
हेही पाहा: लोकर.