बिनघोर

उद्यमनगरात, आमच्या फौंड्रीत
केरबा आणि आण्णाप्पा अकरा वर्षं बोलत नव्हते.
कारण बांधाचं होतं की तालमीतल्या मारामारीचं,
आता त्यांनाही नीट सांगता येत नसे.
पण लेडलच्या दांड्याला एका टोकाला हा,
एका टोकाला तो.
मधे चौदाशे अंशांचा रस.

दमयंती आत्या आली की भट्टीच्या दारात
स्टूल टाकून बसे, दोघांची पावलं मोजे.
"तोंडं फिरवलीत, पण पाय एकत्र पडतात बघ."

आत्या दुभाषी. रशियनची.
त्या हिवाळ्यात ती नकाशावर नसलेल्या गावात होती.
टेबलाच्या दोन्ही अंगांना माणसं,
एकमेकांची शहरं किती मिनिटांत जळतील
याचं गणित आयुष्यभर मांडलेली.
आता एक देश मोडला होता, पगार तुंबले होते,
आणि त्या कोठाराला कुलूप कसलं,
तर आपल्या कोळशाच्या खोलीला असतं तसलं,
वर दोरा आणि मेण.

पहिला अख्खा दिवस एका शब्दात गेला.
इंग्रजीत शब्द दोन.
एक, चोर आत शिरू नये म्हणून.
एक, आतलं आपणहून उठू नये म्हणून.
रशियनमध्ये दोन्हीला मिळून एकच.
"यातलं कुठलं म्हणता?" हे विचारत.
"तेच तर म्हणतोय," ते म्हणत.

"तेव्हा मला आई आठवली," आत्या म्हणाली.
"रात्री कडी लावायची, चुलीतला निखारा विझवायची,
मग म्हणायची, निजा आता बिनघोर.
कडी चोरासाठी. निखारा आपल्यासाठी.
घोर एकच."

हे कुठल्या भाषेत सांगणार?
ती उठली, दाराची कडी लावली,
परत येऊन म्हाताऱ्या रशियनाच्या बोटांतली सिगारेट
काढून घेतली, राखेत दाबली.
आधी तोच हसला.

संध्याकाळी एक यंत्र मांडलं, दोघांनी मिळून केलेलं,
एकमेकांचे स्क्रू उघडून तपासलेलं.
पेटीत काय आहे ते दाखवायचं नाही,
ठरलंय तेच आहे, एवढंच दाखवायचं.
हिरवा दिवा लागला.
टाळी कुणीच वाजवली नाही.

पुढं बोलावणी थांबली.
राजारामपुरीतल्या तिच्या कपाटात
दोन जाडे शब्दकोश उरले, मधे शिशाचं एक सील.

आणि त्या मंगळवारी
ओल्या वाळूवर केरबाचा पाय सरकला.
"सोडू नगंस!"
अकरा वर्षांत पहिला शब्द.
दांडा हलला, रस काठापर्यंत आला,
थांबला.

जेवायला दोघं नेहमीसारखे
वेगवेगळ्या भिंतींना टेकून बसले.
दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत.
फक्त उचलायच्या आधी आण्णाप्पा खाली वाकला
आणि केरबाच्या बुटांच्या नाड्या
ओढून बघितल्या.